जवळच्या माणसापासून आपण नेमकं काय लपवतो?

रानवाट

प्रेमाच्या नात्यातला खोटेपणा म्हटलं की आपल्याला फसवणूक आठवते. लपवलेले मेसेज, लपवलेले पैसे, लपवलेली भेट. पण ज्या जोडप्यांत यातलं काहीच नाही, ज्यांचा एकमेकांवर जीव आहे, तीही एक गोष्ट सर्रास लपवतात. 'मला तुझी गरज आहे' ही.

आपण काय बोलतो ते आठवून बघा. मनात असतं, 'आज फार एकटं वाटतंय, जरा जवळ बस.' तोंडातून निघतं, 'तुला काय, तुझं काम झालं की झालं.' मनात असतं, 'तू गप्प झालास की मला धास्ती वाटते, तुझं मन माझ्यातून उडालं की काय.' तोंडातून निघतं, 'तुझ्याशी बोलण्यात अर्थच नाही.' बोललेलं वाक्य खोटं असतं असं नाही, रागही खराच असतो. पण रागाच्या तळाशी असलेली गोष्ट तिथेच राहते आणि समोरच्याच्या हाती फक्त आरोप लागतो. आरोपाला माणूस उत्तर देतो, पुरावे देतो, उलटा आरोप करतो. जवळ येऊन बसत नाही.

आपण असं का करतो? मला वाटतं, 'जवळ बस' या वाक्याला 'नाही' असं उत्तर येऊ शकतं म्हणून. आरोपाला फार तर भांडण येतं, आणि भांडणात निदान आपण मागणारे नसतो.

कॅनडात स्यू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी १९८० च्या दशकात जोडप्यांसाठी भावनाकेंद्री उपचारपद्धती उभी केली. तिचा गाभा साधारण हाच. रोजच्या कुरबुरी वरवर कामांवरून किंवा वेळेवरून होतात, पण आतून विचारलेलं असतं, 'मी हाक मारली तर तू येशील ना?' जॉन्सन यांनी याची मुळं ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्या मांडणीत शोधली. तान्ह्या मुलाला आपल्या माणसाच्या जवळ असण्याची जी ओढ असते ती जन्मभर टिकते, असं बोल्बींचं म्हणणं होतं. पुढे १९८७ मध्ये सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी तोच धागा प्रौढ प्रेमाला जोडून दाखवला. म्हणजे मोठ्या माणसाला जवळच्या माणसाची गरज वाटणं हा पोरकटपणा नाही. तरीही ती उघड करायची आपल्याला लाज वाटते.

या चर्चेच्या धाग्यात मला एका गोष्टीवर बोलायचंय. 'मन मोकळं कर' हा सल्ला आपण नेहमी बोलणाऱ्याला देतो. ऐकणाऱ्याला कुणी काही सांगत नाही. हॅरी राइस आणि शेव्हर यांनी १९८८ मध्ये जवळिकीची जी मांडणी केली, तिच्यात नुसतं सांगणं पुरत नाही. आपलं म्हणणं समोरच्याला कळलं, त्याने ते मानलं आणि त्याला आपली काळजी आहे, असं सांगणाऱ्याला वाटलं तरच जवळीक वाढते. माझं मत याच्याही एक पाऊल पुढे आहे. नात्यात किती खरं बोललं जाईल हे बहुतेक वेळा ऐकणारा ठरवतो. मागच्या वेळी खरं बोलल्यावर काय झालं, यावर पुढचं खरं बाहेर येतं की नाही ते अवलंबून असतं.

तुमचे अनुभव, विरोधी मतं, सगळं लिहा. मोठे प्रतिसाद आले तर जास्त आनंद.

कोरापान

विषय चांगला, पण चित्र जरा गोड काढलंय. लग्नानंतर काही वर्षांनी मी बायकोला माझी एक जुनी भीती सांगितली. लहानपणापासूनची. त्याआधी कुणालाच सांगितली नव्हती. तेव्हा तिने नीट ऐकलं, हात धरला. काही महिन्यांनी जोराचं भांडण झालं आणि तेच वाक्य माझ्या अंगावर आलं. 'तू म्हणूनच असा आहेस.' त्यानंतर मी मनातलं सांगत नाही. आमचं बरं चाललंय. तक्रार नाही. पण मोकळं व्हा म्हणून सांगणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं.

रानवाट

कोरापान, तुम्ही लिहिलंत ते या विषयाच्या मध्यभागीच आहे. विश्वासाने सांगितलेली गोष्ट भांडणात वापरणं हा मला नात्यातला फार मोठा घात वाटतो. शिवीगाळीपेक्षाही मोठा. शिवी रागाच्या भरात गेली म्हणून सोडता येते. हे सोडता येत नाही, कारण त्या दिवशी नुसतं मन दुखत नाही, आधीचं ते चांगलं ऐकणंही मागे जाऊन खोटं ठरतं.

एकच विचारते, उत्तर द्यायलाच हवं असं नाही. ते वाक्य लागलं हे तुम्ही त्यांना कधी सांगितलंत का?

कोरापान

नाही. सांगून काय होणार होतं.

सांजवारा

मी 'गप्प बसणाऱ्या' माणसाबरोबर संसार करतेय, म्हणून लिहिते.

माझा नवरा वादात एकदम बंद व्हायचा. चेहरा कोरा, नजर दुसरीकडे. मला वाटायचं याला काही फरकच पडत नाही. मग मी आवाज चढवायची, कारण निदान त्याने तरी तो काहीतरी बोलेल. तो आणखी आत जायचा. वर्षानुवर्षं असंच.

हा नमुना इतका नेहमीचा आहे की मानसशास्त्रात त्याला नाव आहे, मागणी आणि माघार. अँड्र्यू ख्रिस्टेन्सन आणि ख्रिस्तोफर हेवी यांचा १९९० चा अभ्यास मला फार उद्बोधक वाटला. बायकोला जिथे बदल हवा होता अशा विषयावर जोडप्यांना बोलायला लावलं, तेव्हा बायको मागे लागते आणि नवरा टाळतो हे चित्र ठळक दिसलं. नवऱ्याला बदल हवा होता त्या विषयावर तो फरक उरला नाही. म्हणजे 'बायका किटकिट करतात, पुरुष घुम्मे असतात' एवढ्यावर हे संपत नाही. ज्याला काही बदलायला हवंय तो मागे लागतो, ज्याचं आहे तसं चाललंय तो टाळतो.

दुसरी गोष्ट मला उशिरा कळली. कोरा चेहरा म्हणजे कोरं मन असं नसतं. जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हनसन या मानसशास्त्रज्ञांनी जोडप्यांना वाद घालताना यंत्रं लावून त्यांची नाडी वगैरे मोजली होती. गॉटमन सांगतात की बाहेरून भिंत झालेल्या माणसाची नाडी आतून बेफाम धावत असते. ठोके मिनिटाला १०० च्या वर गेले की माणूस ऐकूही शकत नाही आणि धड बोलूही शकत नाही. शरीर शांत व्हायला निदान २० मिनिटं लागतात, आणि तेवढ्या वेळात तोच वाद मनात घोळवत बसलं तर तेवढ्यानेही भागत नाही.

हे कळल्यावर आम्ही एक साधी गोष्ट ठरवली. त्याला थांबायचं असेल तर तो थांबेल, पण परत कधी बोलायचं ते सांगून उठेल. 'मला आत्ता जमत नाहीये, तासाभराने बोलू.' आणि तासाभराने विषय तो काढेल, मी नाही. सगळा फरक या शेवटच्या अटीने पडला. आधी त्याचं उठून जाणं मला टाकून जाणं वाटायचं. आता त्याच्या परत येण्याची वेळ मला माहीत असते.

एकदा तो परत आला आणि म्हणाला, 'तू ओरडलीस की मला वाटतं माझं काहीच बरोबर नाही, मी कितीही केलं तरी कमीच.' इतक्या वर्षांत मला हे माहीत नव्हतं. मी ज्याला बेफिकिरी समजत होते ती शरम होती.

तिसराप्रहर

सांजवारा, फार सुंदर प्रतिसाद. परत येण्याची वेळ सांगून उठणं हे मी लक्षात ठेवणार.

धुकं

बरेच दिवस वाचनमात्र होते, या धाग्यामुळे लिहावंसं वाटलं.

काही महिन्यांपासून एकाबरोबर आहे आणि दोघंही गंभीर आहोत. काही वर्षांपूर्वी मला नैराश्याचा मोठा आजार झाला होता. औषधं, समुपदेशन, नोकरी सोडावी लागली, सगळं. आता ठीक आहे, एक गोळी अजून चालू आहे. त्याला यातलं काही माहीत नाही. तो विचारतो, 'तेव्हा नोकरी का सोडलीस?' आणि मी विषय बदलते. खोटं बोललेले नाही, पण दर वेळी विषय बदलला की मी त्याच्यापासून थोडी लांब जाते असं वाटतं.

सांगायचं कधी? किती? आणि सांगितल्यावर त्याच्या नजरेत मी बदलले तर?

शब्दवेल्हाळ

धुकं, प्रत्येकाला आपला खासगी कोपरा असतो आणि असायला हवा. जोडीदाराला आपल्या आयुष्याचा पानन् पान हिशेब द्यायलाच हवा असं मला अजिबात वाटत नाही. तुम्ही आजारातून बाहेर आला आहात, तो तुमचा भूतकाळ आहे. नाही सांगितलंत तरी तुम्ही अप्रामाणिक ठरत नाही.

पैलतीर

मी जोडप्यांसाठी समुपदेशनाचं काम करते. शब्दवेल्हाळ यांच्या म्हणण्याचा पहिला भाग मला पटतो, दुसरा धुकं यांना लागू पडत नाही.

खासगी ठेवणं आणि लपवणं यातली रेघ मी अशी ओढते. एखादी गोष्ट कळल्यावर समोरच्याचा तुमच्याबद्दलचा एखादा मोठा निर्णय बदलू शकत असेल, तर तो निर्णय घेण्याआधी ती त्याला कळायला हवी. चालू असलेला आजार, डोक्यावरचं कर्ज, आधीचं लग्न, मूल हवं की नको. या गोष्टी लपवणं म्हणजे त्याच्या वतीने आपणच निर्णय घेऊन टाकणं. उलट आधीच्या प्रेमातले सगळे तपशील, मनात येऊन गेलेले विचार, आईवडिलांबद्दलचा जुना राग, हे तुमचं आहे. वाटलं तर सांगा, वाटेल तेव्हा सांगा.

चालू असलेली गोळी पहिल्या प्रकारात येते. लगेच उद्या सांगा असं मी म्हणत नाही, पण एकत्र राहण्याचं ठरण्याआधी नक्की.

आणखी एक. गुपितांवर मायकल स्लेपियन या मानसशास्त्रज्ञांचं बरंच काम आहे. त्यांच्या २०१७ च्या अभ्यासात असं दिसलं की लोकांना गुपिताचा त्रास होतो तो प्रत्यक्ष कुणासमोर ते लपवताना कमी, आणि एकटं असताना मन पुन्हा पुन्हा त्याच्याकडे वळतं तेव्हा जास्त. 'दर वेळी मी थोडी लांब जाते' असं तुम्ही लिहिलंय ना, त्यावरून मला वाटतं तुमच्या मनाने निम्मा निर्णय घेतलेला आहे.

तिसराप्रहर

धुकं, 'त्याच्या नजरेत मी बदलले तर' यावर एक सांगतो. मानहाइम विद्यापीठात ॲना ब्रुक आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये केलेले प्रयोग आहेत. प्रेम आधी व्यक्त करणं, मदत मागणं, चूक कबूल करणं, अशा प्रसंगांत स्वतःला ठेवून बघितलं की माणसाला ते दुबळेपणाचं वाटतं. तेच दुसऱ्या कुणी केलेलं बघितलं की ते धैर्याचं आणि हवंहवंसं वाटतं. कारण स्वतःकडे आपण फार जवळून बघतो, काय काय बिघडू शकेल ते सगळं दिसतं. दुसऱ्याकडे थोडं अंतर ठेवून बघतो.

तुमच्या मित्राने तुम्हाला हेच स्वतःबद्दल सांगितलं असतं तर तुम्हाला काय वाटलं असतं, हे एकदा मनाशी बोलून बघा.

धुकं

मला त्याच्याबद्दल जास्तच माया वाटली असती.

काजळमाया

मला वेगळ्या बाजूने बोलायचंय. माझ्या घरात मनमोकळेपणाची कमतरता नाही, अतिरेक आहे. नवरा रोज कामावरची प्रत्येक चिंता, प्रत्येक शंका, प्रत्येक भीती माझ्यासमोर ओततो. सुरुवातीला छान वाटायचं, विश्वास आहे म्हणून. आता त्याच्या येण्याच्या वेळेला माझ्या पोटात गोळा येतो. आणि हे त्याला सांगायचीही सोय नाही, कारण लगेच 'मग मी कुणाला सांगू?'

ऐकणाऱ्यावर सगळी जबाबदारी टाकताना ऐकणारा थकतो हेही लिहा, रानवाट.

पैलतीर

काजळमाया, हे फार महत्त्वाचं आहे आणि सहसा कुणी उघड बोलत नाही.

मन मोकळं करणं आणि तेच ते उगाळणं यात फरक आहे. अमांडा रोझ यांनी २००२ मध्ये मुलामुलींच्या मैत्रीवर अभ्यास केला. दोघं मिळून एकाच चिंतेभोवती फिरत राहिली तर मैत्री घट्ट होते, पण सोबत उदासी आणि चिंताही वाढलेली दिसते. नवराबायकोतही हे होताना मी सतत बघते. जवळीक वाटते, म्हणून चालू राहतं. दोघंही खाली जातात ते लक्षात येत नाही.

तुमच्या घरात आत्ता मन एकाचंच मोकळं होतंय असं मला दिसतं. 'तू यायच्या वेळी माझ्या पोटात गोळा येतो' हे खरं वाक्य तुम्ही गिळून टाकताय. तेही सांगायला हवं. त्याच्या ओतण्याला कंटाळलात म्हणून टोचून नको, 'मला तुझं ऐकायचंय, पण रोज एवढं झेपत नाही, आणि माझंही तू विचारावंस असं मला वाटतं' असं. आणि काही चिंता मित्राच्या वाट्याला, काही समुपदेशकाच्या वाट्याला जाऊ द्याव्यात. एका माणसाने दुसऱ्यासाठी सगळंच व्हायचं, ही अपेक्षा कुणालाच पेलत नाही.

शब्दवेल्हाळ

+१. पैलतीर, धुकं यांच्याबाबतीत तुमची रेघ पटली. गोळी चालू आहे हे वाचताना माझ्या नजरेतून निसटलं होतं.

स्पष्टवक्ता

मला हा सगळा प्रकार फार अवघड करून ठेवल्यासारखा वाटतो. आहे ते तोंडावर बोलावं. मी बायकोला जे वाटतं ते सांगतो. वजन वाढलंय तर वाढलंय, तिचं काम बेतास बात झालं तर बेतास बात. आमच्यात लपवाछपवी नाही.

सांजवारा

स्पष्टवक्ता, राग मानू नका, पण तुम्ही दिलेली दोन्ही उदाहरणं तिच्याबद्दलची आहेत. तुमच्याबद्दल तुम्ही तिला काय सांगता? तुम्हाला कशाची भीती वाटते, कधी एकटं वाटतं, तिच्याकडून काय हवंय?

दुसऱ्याचे दोष सांगायला काही पणाला लावावं लागत नाही. या धाग्यात जो प्रामाणिकपणा म्हणतोय त्यात बोलणाऱ्याचं काहीतरी पणाला लागतं.

स्पष्टवक्ता

विचार करतो.

रानवाट

स्पष्टवक्ता यांच्या मुद्द्यात एक खरी गोष्ट आहे, ती सोडून द्यायची नाही. आपण खरं बोलण्याचे परिणाम फार भयंकर कल्पितो. एमा लेव्हिन आणि टाया कोहेन यांनी २०१८ मध्ये यावर काम केलं. काही लोकांना तीन दिवस प्रत्येकाशी पूर्ण खरेपणाने वागायला सांगितलं. लोकांचा अंदाज होता की हे दिवस अवघड जातील, नाती दुखावतील. प्रत्यक्षात अंदाजापेक्षा खूप सुखाचे गेले, आणि माणसं जवळ आल्यासारखी वाटली.

पण काजळमाया, तुमचा मुद्दा मला मान्य आहे, आणि माझ्या मूळ लेखात तो नव्हता. ऐकणाऱ्यालाही 'आत्ता नाही' म्हणता यायला हवं. मात्र ते कसं म्हटलं जातं यावर फार काही अवलंबून आहे. सांजवारा यांच्या घरातली 'तासाभराने' ही अट इथेही चालेल असं वाटतं.

नीलमोहर

सगळे छान लिहितायत, पण एक गोष्ट कुणीतरी लिहायला हवी म्हणून लिहिते.

ज्या नात्यात धाक आहे तिथे हा सल्ला लागू करू नका. जोडीदार मारतो, धमकावतो, पैसे अडवून ठेवतो, फोन तपासतो, माणसं तोडतो, तिथे 'माझ्या मनातली भीती त्याला सांगितली तर तो बदलेल' असं समजणं धोक्याचं आहे. तिथे आपली कमकुवत जागा दाखवणं म्हणजे कुठे मारायचं ते दाखवणं. अशा वेळी मनातलं सांगा, पण त्याला नाही. विश्वासातल्या दुसऱ्या माणसाला, डॉक्टरांना, मदत करणाऱ्या संस्थेला. तिथे लपवणं हे स्वतःचं रक्षण आहे आणि त्याबद्दल मनाला अजिबात लावून घेऊ नये.

मी अशा घरातून बाहेर पडलेली आहे. जास्त लिहीत नाही.

पैलतीर

नीलमोहर, लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. पूर्ण सहमत. म्हणूनच हिंसा असेल तिथे दोघांना एकत्र बसवून समुपदेशन करायला आमच्या कामात आम्ही कचरतो. आधी सुरक्षितता, बाकी सगळं नंतर.

ओळखायचं कसं, असं लोक मला विचारतात. मी म्हणते, मोठी गोष्ट सांगण्याआधी छोटी सांगून बघा. 'आज मला वाईट वाटलं' एवढंच. समोरचा थांबतो का, विचारतो का, की हसतो, की लगेच स्वतःचं सुरू करतो? एकदा चुकला तर सोडून द्या, कुणाचंही लक्ष नसू शकतं. पण दर वेळी तसंच होत असेल तर ती माहिती आहे, ती गंभीरपणे घ्या. गॉटमन यांनी नवविवाहित जोडप्यांचं निरीक्षण केलं आणि सहा वर्षांनी पुन्हा बघितलं. जी एकत्र होती त्यांनी एकमेकांच्या छोट्या हाकांना ८६ टक्के वेळा प्रतिसाद दिला होता, जी वेगळी झाली त्यांनी ३३ टक्के वेळा. 'बाहेर बघ, काय पाऊस पडतोय' ही सुद्धा हाकच. तिला नुसतं 'हं' मिळालं, का समोरच्याची मान वळली, यावरून मोठ्या गोष्टींना काय उत्तर येईल याचा अंदाज माणूस नकळत बांधत असतो.

तिसराप्रहर

इथे एक थोडं अवांतर. सगळे दुःख आणि भीतीबद्दल बोलतायत. मला आनंद सांगायला जास्त जड जातं. एखादी गोष्ट मनासारखी झाली, मनापासून अभिमान वाटतोय, हे बायकोला सांगताना मी आधीच आवाज खाली आणतो, 'विशेष काही नाही' म्हणतो. कारण मी उत्साहाने सांगितलं आणि ती 'बरं' म्हणून पुढे गेली तर फार लागेल.

शेली गेबल यांचं २००४ चं काम यावरच आहे. चांगली बातमी सांगितल्यावर जोडीदाराने उत्सुकतेने विचारपूस केली तर नातं सुधारतं, थंड 'छान' म्हटलं तर सुधारत नाही. वाचल्यावर वाटलं, मी तिला विचारपूस करायची संधीच देत नव्हतो. 'विशेष काही नाही' म्हटल्यावर ती तरी काय विचारणार?

सांजवारा

तिसराप्रहर, अवांतर अजिबात नाही. आनंदातही माणूस तेवढाच उघडा पडतो.

कोरापान

रानवाट यांनी विचारलं होतं, ते वाक्य लागलं हे मी बायकोला सांगितलं का. तेव्हापासून डोक्यात तेच आहे. तोंडाने मला जमणार नाही. ज्यांना बोलता येत नाही त्यांनी काय करायचं, यावर कुणी लिहीत नाही.

पैलतीर

लिहा. खरोखर, कागदावर. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर १९८० च्या दशकापासून हेच अभ्यासत आले आहेत, मनात साठलेलं १५-२० मिनिटं सलग काही दिवस लिहिलं तर काय होतं. रिचर्ड स्लॅचर यांच्याबरोबर त्यांनी २००६ मध्ये प्रेमात असलेल्या जोड्यांवर एक प्रयोग केला. जोडीतल्या एकाने तीन दिवस, रोज २० मिनिटं, आपल्या नात्याबद्दल मनापासून वाटतं ते लिहिलं. दुसऱ्या गटाने रोजच्या घडामोडी लिहिल्या. तीन महिन्यांनी नात्याबद्दल लिहिणाऱ्यांपैकी जास्त जोड्या एकत्र होत्या, आणि त्या दिवसांत दोघांच्या एकमेकांना पाठवलेल्या संदेशांतही भावनेचे शब्द वाढले होते. म्हणजे लिहिलं एकाने, पोचलं दोघांपर्यंत.

आधी फक्त स्वतःसाठी लिहा. त्यात राग, शिव्या, सगळं येऊ दे. ते त्यांना द्यायचं नाही. मग त्यातून जे तळाशी सापडेल ते दोनचार ओळींत वेगळं लिहा. ते द्यायचं.

रानवाट

कोरापान, पैलतीर यांच्या उत्तरात एकच भर घालते. 'तू माझं बोलणं माझ्यावर उलटवलंस' असं पत्र लिहिलंत तर त्यांना स्वतःचा बचाव करावा लागेल. 'त्या दिवसापासून मी तुला काही सांगत नाही, आणि मला सांगावंसं वाटतं' असं लिहिलंत तर त्यांच्याकडे करण्यासारखं काहीतरी उरेल. दोन्ही खरंच आहे. कदाचित त्यांना माहीतही नसेल की तेव्हापासून एक दार बंद आहे. तुम्ही स्वतःच लिहिलंत ना, 'आमचं बरं चाललंय'. त्यांनाही तसंच वाटत असेल.

कोरापान

दुसरं वाक्य मी उतरवून घेतलं आहे. बघतो.

धुकं

सगळ्यांचे आभार. मी सांगायचं ठरवलंय, येत्या आठवड्यात. काय बोलायचं ते लिहून काढलं, इथे टाकते. कुणी बघितलंत तर बरं वाटेल.

'मला तुला एक गोष्ट सांगायची आहे आणि सांगताना भीती वाटतेय. तू नोकरीबद्दल विचारतोस तेव्हा मी विषय बदलते. तेव्हा मला नैराश्याचा आजार होता. उपचार घेतले, आता बरी आहे, एक औषध चालू आहे. तुला हे नको असेल तर मी समजू शकते. तुला जे विचारायचं असेल ते विचार.'

पैलतीर

खूप स्वच्छ आहे. भीती वाटतेय हे पहिल्याच वाक्यात सांगितलंत, ते मला फार आवडलं. तो ऐकताना दमाने घेईल.

सांजवारा

धुकं, एकच वाक्य काढा. 'तुला हे नको असेल तर मी समजू शकते.' त्याने अजून काही म्हटलेलंच नाही आणि तुम्ही त्याच्या वतीने नकार देऊन टाकलात. ऐकणाऱ्यालाही वाटेल की याचीच वाट बघतेय. त्याला थोडा वेळ लागला, काही सुचलं नाही, नुसता गप्प बसला, तरी तो नकार नसेल.

धुकं

ते वाक्य मी माझ्यासाठी घातलं होतं, आधीच म्हटलेलं असलं की कमी लागेल म्हणून. काढते. त्या जागी काय घालू?

सांजवारा

तुम्हाला त्याच्याकडून काय हवंय ते.

धुकं

'सगळं ऐकून झाल्यावर थोडा वेळ माझ्याजवळ बस.' असं लिहिलंय आत्ता.